मागचं डावं चाक

चार जाड टायरांची आणि मोटरसायकलसारख्या हँडलची ती गाडी दादरच्या चौपाटीवर पहिल्यांदा उतरली, तेव्हा तिला काय म्हणायचं हेच कोणाला कळेना. कागदावर 'क्वाड बाइक' असं छापलेलं होतं. भेळवाले तिला रणगाडा म्हणत, फिरायला येणारी मंडळी बग्गी म्हणत आणि आमचे जीवरक्षक नुसतं 'मशीन' म्हणत. मलाही मशीन हाच शब्द बरा वाटला. उमेदीची वर्षं मी गिरणीत घालवली होती, तिथे दुसरा शब्दच नव्हता.

अशी दोन मशीन माझ्या ताब्यात होती. चौपाटीवर बुडणाऱ्यांना वाचवण्याचं काम एका ठेकेदाराकडे होतं. त्याने जीवरक्षक नेमले होते आणि मशीन धडधाकट ठेवायला मला. माझं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे गेलेलं. सुपरवायझर मोहिते यांनी मुलाखतीत विचारलं, "अशा गाडीचा अनुभव आहे का?" मी म्हटलं, "नाही. पण ज्याने ही बनवली त्याला तरी आपल्या चौपाटीचा कुठे आहे?" मोहिते हसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला या म्हणाले.

देखभालीच्या कामात एक गंमत आहे. ते नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून पाठ थोपटायला कोणी येत नाही. लोकांना वाटतं यंत्र अचानक बिघडतं. मी आयुष्यात एकही यंत्र अचानक बिघडलेलं पाहिलेलं नाही. ते आधी बरेच दिवस सांगत असतं, पण ऐकणाऱ्याला दुसरी कामं असतात.

चौपाटीवर यंत्राचे दोन वैरी, मीठ आणि रेती. मीठ वाळायच्या आत गोड्या पाण्याने मशीन धुवावं लागतं, नाहीतर चार दिवसांत वायरींच्या टोकांना हिरवा बुरा चढतो. हवेच्या फिल्टरमधून रेतीची चिमूट जरी आत गेली, तरी इंजिन आतून खरवडून निघतं. टायरमध्ये हवा कमी ठेवायची, अंगठ्याने दाबलं तर दबेल इतकीच, म्हणजे टायर वाळूवर पसरतो आणि रुतत नाही. सांध्यांत ग्रीस भरताना आतलं जुनं, कचकचणारं ग्रीस पूर्ण बाहेर पडेपर्यंत भरायचं. मग ब्रेक बघायचे. सगळ्यात शेवटी चाकांचे नट, तेही डोळ्यांनी नाही, पान्याने. हे सगळं रोज, आणि झालं की रजिस्टरमध्ये लिहायचं. रजिस्टर मी फार मन लावून लिहीत असे. माझं अक्षर चांगलं आहे, हे मला शाळेपासून माहीत होतं.

पहिल्या महिन्यात मात्र मी आपटी खाल्ली. मी गिरणीत स्पिनिंग खात्यात ऑईलर म्हणून लागलो, पुढे फिटर झालो, पण हात ऑईलरचाच राहिला. गिरणीत तेल म्हणजे यंत्राचं दूध. त्यामुळे इथेही मी मशीन धुतलं की तेलाचा बोळा घेऊन बसायचो आणि प्रत्येक केबल, प्रत्येक खिटी चकचकीत करायचो. पंधरा दिवसांत एक नंबरच्या मशीनचा ब्रेक जड जायला लागला आणि अॅक्सिलरेटर अडकायला लागला. बाहेरून लावलेल्या तेलाला रेती चिकटली होती आणि तिचा चांगला सँडपेपर झाला होता. मला हे सांगितलं गजाननने. गजानन आमच्या जीवरक्षकांचा म्होरक्या, माहीमच्या कोळीवाड्यातला, पस्तिशीचा गडी. बाप-आजोबांचं आयुष्य होडीवर गेलेलं आणि हा चौपाटीवर. तो शांतपणे म्हणाला, "काका, रेतीला तेल दाखवायचं नाय. तेल आतमधे, बाहेर कोरडं." मी चाळीसेक वर्षं हत्यार हातात धरलेला माणूस. पण तो बरोबर होता आणि मी ते मान्य केलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मशीनवर बसायला कोण कोण यायचं, त्याच्या कथा वेगळ्याच. एक गृहस्थ लेकीच्या लग्नात नवरदेवाला घोड्याऐवजी यावरून आणायचं म्हणून तीनदा येऊन गेले. एका मोठ्या कचेरीतले साहेब 'तपासणी' करायला आले, पाण्याच्या कडेने दोन चकरा मारल्या, मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि "ठीक आहे" असा शेरा मारून गेले. तेवढ्या दोन चकरांत त्यांनी गरम इंजिन खाऱ्या पाण्यात घातलं होतं. ते निस्तरायला मला दीड दिवस लागला. गजानन म्हणाला, "काका, आता त्यांनी बोटीची तपासणी करायला नको यायला."

या गोष्टी मी हसत सांगू शकतो. पुढची गोष्ट तशी नाही, आणि ती सांगण्याआधी मला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या गिरणीत खंडेनवमी म्हणजे वर्षाचा सण. आदल्या दिवशी सगळं खातं धुऊन निघायचं. साच्यांना, म्हणजे सूत काढणाऱ्या यंत्रांना, झेंडूची तोरणं, पाने-हातोड्यांना हळदकुंकू. बायकामुलं त्या दिवशी आत येऊन बघू शकत, आपला माणूस कुठे उभा राहतो ते. हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याला आपट्याची पानं वाहिल्याशिवाय कोणी उचलत नसे. वह्या आणि पेनसुद्धा पूजेत जात. म्हणून त्या दिवसाच्या नोंदी आम्ही आदल्या संध्याकाळीच करून ठेवायचो. फोरमनच सांगायचा, "उद्याचं आजच भरून टाका रे." त्याला खोटं म्हणायचं असतं हे कोणाच्या मनातही आलं नाही.

मग संप झाला. संपाच्या त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही वीसेक जण हार-नारळ घेऊन गेटसमोर गेलो. वॉचमन आमच्याच गावाकडचा. तो जाळीतून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, दहा जण आत या, पूजा करा, साच्यांना तेल द्या आणि जा. काम नको." निम्मे लोक तयार होते. बाकीच्यांना वाटलं हा डाव आहे, आत गेलो की उद्या गिरणी सुरू झाली म्हणून बोभाटा करतील. सगळ्यात मोठ्याने 'नको' मी म्हणालो. आम्ही नारळ फुटपाथवर फोडला, हार गेटला अडकवला आणि परतलो. त्या वर्षी माझ्या साच्यांना तेलही मिळालं नाही आणि कुंकूही नाही. गिरणीने मला पुन्हा बोलावलंच नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी लोअर परळला गिरणीच्या शेड पाडल्या, तेव्हा ट्रकवर चढवलेले साचे मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिले. गंजून लाल झाले होते. त्यात माझा काही दोष नव्हता हे डोक्याला कळतं. पण तेव्हापासून मी मनाशी ठरवलं होतं की जिथे असेन तिथे खंडेनवमी चुकवायची नाही. मधली वर्षं एका गॅरेजमध्ये काढली, तिथे चुकवली नाही, चौपाटीवरही नाही.

ही गोष्ट घडली त्या वर्षी चौपाटीवर, अष्टमीला दुपारी दोन नंबर मशीनचं मागचं डावं चाक पंक्चर झालं. फुटलेल्या बाटलीची काच घुसली होती. चाक उतरवलं, पंक्चर काढलं आणि तिथेच वाळूत बसवलं. आता वाळूत चाक बसवताना कितीही पुसा, रिम आणि हबच्या मधे चार कण राहतातच. त्या वेळी नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. मशीन थोडं चाललं की ते कण चुरडून निघून जातात आणि तोच घट्ट नट सैल होतो. म्हणून नियम असा की चाक बसवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाना लावायचा. दोन मिनिटांचं काम. हा नियम मीच चौपाटीवरच्या आमच्या शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी अष्टमीच्या संध्याकाळीच रजिस्टर उघडलं आणि उद्याचा रकाना भरला. ऑइल ठीक, हवा ठीक, ब्रेक ठीक, नट तपासले. दोन्ही मशीनचा. खाली सही केली. माझा हिशेब साधा होता. नवमीला एक नंबर कामावर राहील, तिची तपासणी मी आताच केली आहे. दोन नंबर शेडपाशी उभी राहील आणि दसऱ्याला पानं वाहिली की पहिला पाना त्या चाकालाच लावायचा. हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी ते कोणालाही सांगितलं नाही. मशीनला साधी चिठ्ठीही बांधली नाही.

नवमीच्या सकाळी शेडसमोर रांगोळी काढली, फळीवर हत्यारं मांडली. चाकाचा पाना मधोमध. हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. गजाननने दोन नंबर ढकलत आणून पूजेसमोर लावली, तिच्या हँडलला हार घातला. नारळ मी फोडला. जीवरक्षकांनी खोबरं खाल्लं आणि आपापल्या जागी गेले. एक नंबर माहीमच्या बाजूला गेली.

दुपारी तीनच्या सुमाराला शिट्टी वाजली. निर्माल्य सोडायला कमरेइतक्या पाण्यात गेलेला एक माणूस पाय घसरून आत ओढला गेला होता. एक नंबर लांब होती. गजाननचा जोडीदार सरळ किनाऱ्याने पळत सुटला. गजाननने तरंगता टायर आणि स्ट्रेचर दोन नंबरवर टाकलं आणि मशीन सुरू केलं. मी प्रसादाची ताटली हातात घेऊन शेडच्या दारात उभा होतो. तो माझ्या समोरून गेला आणि त्या क्षणी मला नट आठवले. मी 'थांब' असं ओरडलो की नुसतंच मनात म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. पुढच्या उतारावर मागचं डावं चाक निघालं आणि एकटंच पाण्याकडे घरंगळत गेलं. मशीन कलंडलं ते गजाननच्या पायावर.

पाण्यातल्या माणसाला जोडीदाराने बाहेर काढलं. तो वाचला, उलट्या करून बसून राहिला, नंतर घरीही गेला. गजाननचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. त्याला शीवला इस्पितळात नेलं. संध्याकाळी मी वाळूत हात घालून नट शोधले. चारांतले तीन सापडले.

चौथ्या दिवशी मोहिते यांनी मला बोलावलं. समोर रजिस्टर उघडं होतं. "काका, तुमची वही चोख आहे," ते म्हणाले. "नवमीला सकाळी नट तपासलेत. म्हणजे चाक असं निघायचं कारण नाही. गजाननने बेफाम उडवली असणार. ठेकेदाराचंही तेच म्हणणं आहे." त्यांनी एक कागद पुढे केला. मशीन सुस्थितीत होतं आणि नट त्याच दिवशी तपासले होते, असं त्यावर होतं. मी सही केली.

का केली ते सांगतो. त्या वयात मला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं, आणि एकदा गेटबाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बाहेर पडायची फार धास्ती असते. हे खरं आहे, पण यातलं एकही कारण मी गजाननच्या तोंडावर सांगू शकलो नसतो. माझी सही झाल्यावर त्याला कामावरून काढल्याचं पत्र इस्पितळात पोचलं. पत्रात 'निष्काळजीपणा' असा शब्द होता. पंधरा वर्षांत त्या माणसाने किती जणांना पाण्यातून ओढून काढलं होतं, ते किनाऱ्यावरच्या भेळवाल्यांना विचारावं.

आठ दिवस मी रोज कामावर गेलो. एक नंबर धुतली, ग्रीस भरलं, नट तपासले. रजिस्टर लिहिताना अक्षर वेडंवाकडं यायला लागलं. घरी करी रोडला चाळीत बायकोला मी सगळं सांगितलं होतं. नवव्या दिवशी सकाळी ती चहाचा कप पुढे ठेवून म्हणाली, "तेचो पाय मोडलो, तेचा काम गेला, आणि तुमी थंय जावन वही सांभाळतास?"

मी चहा तसाच ठेवला आणि मोहित्यांकडे गेलो. सगळं सांगितलं. पंक्चर, वाळू, अष्टमीच्या संध्याकाळी भरलेला नवमीचा रकाना. मोहित्यांनी रजिस्टर मागवलं आणि ते पान उघडलं.

"उद्याचं आजच भरलंत," ते म्हणाले.

"हो."

"माझे वडीलही गिरणीत असंच भरायचे. दसऱ्याला." मग त्यांनी रजिस्टर मिटलं. "काका, मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

मला ते मान्य होतं. मी माझा कबुलीजबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. गजाननचं मी बघतो, असं मोहिते म्हणाले आणि शब्दाला जागले. गजाननचं पत्र मागे घेतलं गेलं, 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडला गेला, उपचारांची जबाबदारी ठेकेदाराने पत्करली. पाय पूर्ण वाकत नाही म्हणून पुढे त्याला पळायचं काम देता आलं नाही. तो टेहळणीच्या मचाणावर बसून शिट्टी वाजवायला लागला. त्याच्या नजरेइतकी लांबची नजर तिथे कोणाची नव्हती, तेव्हा ते काम त्याला शोभलं. पण जो माणूस पाण्याकडे धावायचा, त्याला बसून दुसऱ्यांना धावायला सांगावं लागलं. ती पाळी त्याच्यावर मी आणली.

ज्या दिवशी कबुली दिली त्याच दिवशी मी माहीमला कोळीवाड्यात गेलो. गजानन घरी आला होता. प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून दारात बसला होता, बाजूला त्याची आई सुकट निवडत होती. तिने मला खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेली. मी बसलोच नाही. उभ्याने सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. सही केल्याचंही सांगितलं. म्हटलं, "गजानन, तुझं काम परत मिळेल. पाय मी परत देऊ शकत नाही. मला बोल, काय बोलायचं ते बोल."

तो खाली बघत होता. मग म्हणाला, "काका, मला म्हायती होतं."

"काय?"

"नट ढिले होते. सकाळी मशीन ढकलत आणलं ना पूजेला, तेवा हाताला कळलं. चाक डुलत होतं."

मी म्हटलं, "अरे, मग पाना लावायचास."

"उचललेला," तो म्हणाला. "तुमी नारळ आणायला आत गेलते, तेवा उचललेला. त्याच्यावर तुमचं हळदकुंकू होतं, फूल होतं. मग वाटलं, ऱ्हाऊ दे, दोन नंबर आज कुठं जाणार हाय. होता तसा ठेवला. फूल पन परत वर ठेवलं. शिट्टी झाली तेवा त्याची आठवनच ऱ्हायली नाय."

आतून कपांचा आवाज येत होता. मी शेवटी त्या खुर्चीत बसलो. मोहित्यांची माणसं दोनदा इस्पितळात जाऊन त्याचा जबाब घेऊन आली होती. दोन्ही वेळा तो 'काय झालं कळलं नाय' एवढंच बोलला होता. एका वाक्यात तो स्वतःचं काम वाचवू शकला असता.

"चौकशीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "पाना पूजेत होता, एवढं जरी सांगितलं असतंस."

गजानन माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगून काय, काका? पुढच्या वर्षी तुमची पूजा बंद केली असती त्यांनी."